पाकिटावर एक आजार, केसपेपरवर दुसरा: ओपीडीतल्या ऑफ-लेबल औषधांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रुग्णालयाच्या औषधखिडकीत काम करणारा फार्मासिस्ट आहे. ओपीडी सुटायच्या वेळेला खिडकीशी रांग लागते आणि हे प्रश्न तिथे येतात. डॉक्टरांसमोर विचारायला संकोच झालेला असतो, किंवा गोळीचं नाव मोबाईलवर शोधून जीव घाबरा झालेला असतो. रोज जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहिलं आहे. तुमचं औषध चालू ठेवायचं की बंद करायचं, हे मात्र तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

ऑफ-लेबल औषध म्हणजे नेमकं काय?

कोणतंही नवं औषध भारतात विकायला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. ती परवानगी मोघम नसते. कोणत्या आजारासाठी, कोणत्या वयात, किती मात्रेत आणि कोणत्या मार्गाने (तोंडाने, शिरेतून, त्वचेवर) हे त्यात ठरलेलं असतं आणि माहितीपत्रकात तेच छापतात. डॉक्टरांनी यांपैकी एखाद्या बाबतीत छापील चौकटीबाहेर जाऊन औषध दिलं की तो ऑफ-लेबल वापर झाला. म्हणजे आजार तोच असला तरी मोठ्यांची गोळी लहान मुलाला दिली तर तीही ऑफ-लेबल.

औषध बनावट आहे, मुदत संपलेलं आहे किंवा विनापरवाना आहे असा याचा अर्थ होत नाही. औषध परवानाधारकच असतं, वापर वेगळा असतो.

डोकेदुखीसाठी गेले होते. घरी येऊन पाहिलं तर गोळी डिप्रेशनची निघाली. डॉक्टरांना माझा आजार मानसिक वाटला का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि बहुतेकदा गोळी असते ॲमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅम. नाही, डॉक्टरांनी तुम्हाला मनोरुग्ण ठरवलेलं नाही. नैराश्यासाठी हीच गोळी साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत द्यावी लागते. १० किंवा २५ मिलिग्रॅमला ती वेदनेचे संदेश वाहून नेणाऱ्या यंत्रणेवर काम करते. अर्धशिशीचे झटके कमी करायला आणि मधुमेहात पायांची आग होते तिच्यासाठी जगभरचे डॉक्टर ती कित्येक दशकं देत आले आहेत. ब्रिटनमध्ये आता तिच्या माहितीपत्रकात अर्धशिशीचा प्रतिबंध छापलेला आहे, अमेरिकेत अजून फक्त नैराश्यच. गोळी तीच, रुग्णाचं डोकं तसंच दुखतं, पण एका देशात वापर लेबलप्रमाणे आणि दुसऱ्यात लेबलबाहेर. लेबल म्हणजे विज्ञानाचा शेवटचा शब्द नव्हे, हे यावरून लक्षात यावं.

आता कामाचं. ही गोळी रात्री घ्यायची असते. डोकं दुखायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, कारण ती झटका थांबवत नाही, पुढचे झटके कमी करते, आणि त्यालाही काही आठवडे लागतात. तोंडाला कोरड पडते, सकाळी सुस्ती राहते, बद्धकोष्ठ होऊ शकतो. काचबिंदू, प्रोस्टेटमुळे लघवी अडकणं किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर गोळी सुरू करण्याआधी सांगायलाच हवं. चार दिवसांत फरक नाही म्हणून लोक ती सोडून देतात. त्यातले निम्मे जण ‘महिनाभर वाट पाहा’ एवढं एक वाक्य ऐकायला मिळालं असतं तर थांबले असते, असं मला मनापासून वाटतं.

मूल होत नाही म्हणून दाखवलं तर लेट्रोझोल लिहून दिलं. ते स्तनाच्या कॅन्सरचं औषध आहे. घ्यावं का?

या गोळीचा प्रवास जरा विस्ताराने सांगतो. खिडकीशी सगळ्यांत जास्त घाबरलेले चेहरे याच गोळीमुळे दिसतात.

लेट्रोझोल शरीरात इस्ट्रोजेन तयार होणं रोखतं. पाळी गेलेल्या स्त्रीच्या स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन गाठीला बळ देतं, म्हणून तिथे ते रोज आणि वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. तरुण स्त्रीला तीच गोळी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून फक्त पाच दिवस दिली की इस्ट्रोजेन तात्पुरतं खाली येतं, मेंदूला ते जाणवतं आणि तो बीजांडाला चालना देणारं संप्रेरक वाढवतो. मग स्त्रीबीज पिकून बाहेर पडण्याची शक्यता वाढते. पीसीओएसमध्ये (अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा विकार) हीच पायरी अडलेली असते. तोवर गोळी शरीरातून बरीचशी निघून गेलेली असते, कारण तिचं प्रमाण साधारण दोन दिवसांत निम्म्यावर येतं.

वाद कुठून आला? २००५ मध्ये एका वैद्यकीय परिषदेत सादर झालेल्या गोषवाऱ्यात लेट्रोझोलनंतर जन्मलेल्या बाळांमध्ये व्यंगं जास्त असल्याचा इशारा होता. २००६ मध्ये ९११ बाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात जुन्या क्लोमिफेन या औषधाच्या तुलनेत लेट्रोझोलच्या गटात व्यंगं जास्त आढळली नाहीत. आपल्याकडे मात्र ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने वंध्यत्वासाठी लेट्रोझोलच्या वापरावर बंदी घातली. त्याआधी परवानगी नसताना या वापराचा प्रचार झाला होता आणि त्यावर टीकाही झाली होती. ती टीका रास्त होती. पुढे २०१४ मध्ये पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवरची अमेरिकेतली चाचणी प्रसिद्ध झाली. लेट्रोझोलच्या गटात २७.५ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झालं, क्लोमिफेनच्या गटात १९.१ टक्के. २०१७ मध्ये भारतातली बंदी उठली.

एकच गोळी आधी लेबलबाहेर होती, मग बंद झाली, मग परत आली. म्हणून दहा वर्षांपूर्वीचा एखादा लेख वाचून घाबरू नका आणि मैत्रिणीला गुण आला म्हणून आपल्या मनानेही सुरू करू नका. गर्भ राहिलेला नाही याची खात्री झाल्यावरच ही गोळी सुरू करतात आणि सोनोग्राफीवर बीज वाढतंय का ते पाहतात. ‘फॉलिक्युलर स्टडी’ला पुन्हा पुन्हा बोलावतात ते यासाठी.

मला साखर नाही, तरी पाळीच्या तक्रारीसाठी मेटफॉर्मिन का?

पीसीओएसमध्ये इन्सुलिनचा परिणाम नीट होत नाही, त्यावर ते काम करतं. एकट्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायक इतकी उतरत नाही. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून जेवणासोबत घ्या. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर बी-१२ तपासून घ्या.

एवढा अनुभव आहे तर कंपन्या लेबलवर तो आजार छापून का घेत नाहीत?

कारण पैसा. नव्या आजारासाठी परवानगी हवी तर नव्या चाचण्यांचे निकाल द्यावे लागतात. पेटंट संपलेल्या, काही रुपयांना मिळणाऱ्या गोळीसाठी तो खर्च करायला कोणी पुढे येत नाही, कारण चाचणी एकाने करायची आणि विक्री दहा कंपन्यांनी करायची असं होतं. मिसोप्रोस्टॉल आलं जठरातल्या व्रणासाठी, पण जगभर बायकांचे जीव वाचवले ते बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवून. भारतात या वापराला २००६ मध्ये मान्यता मिळाली. सगळ्याच औषधांचं असं नशीब नसतं.

नेत्रविभागात डोळ्यात इंजेक्शन द्यायचं ठरलंय. ते कॅन्सरचं आहे आणि स्वस्त म्हणून देतात, असं ऐकलं. खरं का?

दोन्ही खरं आहे, पण तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. बेव्हॅसिझुमॅबला अमेरिकेत २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. ते नव्या रक्तवाहिन्या फुटणं रोखतं. उतारवयात किंवा मधुमेहात डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढतात किंवा पाझरतात, तिथेही तोच गुण कामी येतो. डोळ्यासाठीच तयार केलेलं रॅनिबिझुमॅब कितीतरी महाग आहे. २०११ मध्ये या दोघांची समोरासमोर तुलना करणारी अमेरिकेतली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली आणि दृष्टी सुधारण्यात दोन्ही सारखीच ठरली. २०१३ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत डोळ्यासाठी बेव्हॅसिझुमॅब आहे.

जोखीम आहे ती औषध हाताळण्यात. एका कुपीत ४ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि डोळ्यात जातं फक्त ०.०५ मिलिलिटर, म्हणजे १.२५ मिलिग्रॅम. कुपी कर्करोगाच्या रुग्णाच्या हिशोबाने भरलेली असते, म्हणून एकीतून अनेकांसाठी सिरिंजा भरतात. हे काम निर्जंतुक कक्षात, हवा गाळणाऱ्या यंत्राखाली आणि नोंद ठेवून झालं पाहिजे. तिथे हयगय झाली तर एका कुपीतून अनेक डोळ्यांत जंतू जातात. जानेवारी २०१६ मध्ये गुजरातेत एकाच वेळी अनेक रुग्णांच्या डोळ्यांना इजा झाल्यावर औषध नियंत्रकांनी या वापराविरुद्ध इशारा काढला. तो मार्चमध्ये मागे घेतला गेला.

म्हणून विचारा: सिरिंज कुठे आणि कधी भरली? बॅच नंबर केसपेपरवर लिहिला का? इंजेक्शननंतर डोळा दुखायला लागला, लाल झाला, दिसायला धूसर झालं किंवा उजेड सहन होईना, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात या. जंतुसंसर्ग असेल तर तासांचाही फरक पडतो.

असं औषध देणं कायद्याला धरून आहे का?

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० औषधाचं उत्पादन आणि विक्री नियंत्रित करतो. तपासलेल्या रुग्णाला नोंदणीकृत डॉक्टरने लेबलबाहेरच्या कारणासाठी औषध लिहू नये, अशी सरसकट बंदी त्यात नाही. कंपन्यांना मात्र मुभा नाही. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांनुसार जुन्या औषधाचा नवा उपयोग सांगून ते विकायचं असेल तर ते नवं औषध धरलं जातं आणि नव्याने परवानगी लागते. २०२४ च्या औषध विपणन संहितेतही प्रचार मंजूर वापराला धरूनच करायचा आहे. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी अभ्यासावरून ठरवलं तर वेगळी गोष्ट, आणि ओपीडीबाहेर बॅग घेऊन थांबलेल्या एमआरने (औषध कंपनीच्या प्रतिनिधीने) त्यांच्या गळी उतरवलं तर वेगळी.

ही भीती हवेतली नाही. गॅबापेंटिन या फिट्सच्या औषधाचा मंजुरी नसलेल्या आजारांसाठी प्रचार केल्याबद्दल अमेरिकेत वॉर्नर-लॅम्बर्ट कंपनीला २००४ मध्ये ४३ कोटी डॉलर भरावे लागले.

म्हणजे प्रत्येक लेबलबाहेरच्या वापरामागे भक्कम पुरावा असतो?

नसतो, आणि ही गोष्ट डॉक्टरमंडळींनीही ऐकायला हवी. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, नेहमीच्या औषधांच्या सुमारे २१ टक्के वापराची नोंद लेबलबाहेरची निघाली आणि त्यातल्या ७३ टक्के वापराला शास्त्रीय आधार थोडा किंवा अजिबात नव्हता.

वजन कमी करायला तिथे फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन एकत्र द्यायची लाट आली होती. दोन्हींना वेगवेगळी परवानगी होती, एकत्र वापराला नव्हती. हृदयाच्या झडपा बिघडल्याचं दिसल्यावर सप्टेंबर १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून काढलं. आपल्या जवळचं उदाहरण मे २०२१ चं. कोविड टाळण्यासाठी १८ वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध देण्याची घोषणा गोवा सरकारने केली. त्याच्या दोनच महिने आधी जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध कोविडमध्ये चाचण्यांबाहेर वापरू नये असं सांगितलं होतं. त्या दिवसांत लोक किती हवालदिल होते ते मी पाहिलं आहे. पण घाबरलेल्या लोकांना पुरावा नसलेली गोळी देणं हा दिलासा नव्हे.

रोजच्या ओपीडीतलं सांगायचं तर साध्या निद्रानाशासाठी क्वेटियापिन लिहिलेलं दिसतं. हे गंभीर मानसिक आजारांवरचं औषध आहे, वजन आणि साखर दोन्ही वाढवू शकतं. दुसरा काही आजार नसताना फक्त झोपेसाठी ते देणं मला पटत नाही. चेहऱ्यावरच्या वांगासाठी ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या देतात. मूळची ही गोळी पाळीतला अतिरक्तस्राव कमी करायची. गुण येतो, याला आधार आहे. पण पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना आधी सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

डॉक्टरांनी मला आधी सांगायला हवं होतं का?

हो. माझं या सगळ्याबद्दल ठाम मत असेल तर हेच. लेबलबाहेर औषध देणं हा गुन्हा नाही, अनेकदा तोच उत्तम उपचार असतो. न सांगता देणं मात्र चुकीचं आहे.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की संमती खरी ठरायला रुग्णाला उपचार, त्याचे धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती हवी. खटला शस्त्रक्रियेचा होता, पण तत्त्व सगळ्यांना लागू पडतं. डोळ्यातलं इंजेक्शन किंवा नळीतला गर्भ जिरवायला दिलेलं मेथोट्रेक्सेट यांसाठी लेखी संमती असावी. १० मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलिनसाठी कागदावर सही नको, पण दोन वाक्यं हवीत. ‘ही गोळी मूळची नैराश्याची आहे, कमी मात्रेत अर्धशिशी आवरते. मोबाईलवर वाचून घाबरू नका.’ एवढं बोलायला किती वेळ लागतो? एका ओपीडीत शेकड्यांनी केसपेपर असतात, रेसिडेंट डॉक्टर सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलेला नसतो, हे मला दिसतं. तरीही गोळीपुढे ‘अर्धशिशीसाठी’ एवढा शब्द लिहिला तर खिडकीतल्या माणसालाही कळतं, घरच्यांनाही कळतं आणि पुढच्या भेटीतल्या नव्या डॉक्टरलाही.

गर्दीत विचारू काय? मागचे लोक ओरडतात.

तपासून झाल्यावर डॉक्टर लिहायला लागतात, तेव्हाच विचारा. परवा एक मावशी खिडकीशी येऊन सांगत होत्या. त्यांनी विचारलं, ‘डॉक्टर, ही गोळी कशासाठीची? आणि माझ्या आजारासाठी पाकिटावर लिहिलेली आहे का?’ डॉक्टर म्हणाले, ‘पाकिटावर नाही, पण उपयोग होतो.’ यांचा पुढचा प्रश्न, ‘किती दिवसांत, आणि काय झालं तर लगेच यायचं?’ बस. ही उत्तरं त्यांनी नातीकडून केसपेपरच्या मागे लिहून घेतली होती. मी सगळ्यांना तसंच करायला सांगतो.

पट्टी कापून पाच गोळ्या मिळाल्या तर माहितीपत्रक हातात येत नाही. खिडकीत किंवा मेडिकलमध्ये ते मागा.

लहान मुलांच्या ओपीडीत काय वेगळं असतं?

मुलांवर चाचण्या कमी होतात, त्यामुळे कितीतरी औषधांच्या लेबलवर मुलांचं वय किंवा मात्राच नसते. बालरोगतज्ज्ञांना वजनाचा हिशोब करून ती द्यावी लागतात. यात चांगलंही घडलं आहे. बाळांच्या अंगावर वाढणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या लाल गाठी प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाबाच्या औषधाने बसतात, हे फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये नोंदवलं, आणि २०१४ मध्ये अमेरिकेत त्यासाठी वेगळं पातळ औषध मंजूर झालं.

पण लेबलवर ‘देऊ नये’ असं लिहिलेलं असेल तिथे गोष्ट वेगळी. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे. क्लोरफेनिरामिन आणि फिनायलेफ्रिन एकत्र असलेल्या सर्दीच्या औषधांवर ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये अशी सूचना छापायचे आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाले. घरातली जुनी बाटली काढून चमच्याने अंदाजे पाजू नका. मोठ्यांची गोळी तोडून द्यायला सांगितली असेल तर ती तोडून, कुटून, किती पाण्यात विरघळवून त्यातलं किती द्यायचं, हे आमच्यासमोर करून पाहा आणि मगच घरी जा.

मेडिकलवाला म्हणाला, ‘हे तुमच्या आजाराचं नाहीच,’ आणि दुसरं देऊ लागला.

दुसरं घेऊ नका. शंका आली तर त्याने डॉक्टरांना फोन करावा, तो त्याचा हक्कही आहे आणि कर्तव्यही. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत तर आवर्जून. सांधेदुखीत ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. चिठ्ठीवर वार लिहिलेला नसेल तर मी गोळ्या देण्याआधी तो लिहून आणायला सांगतो.

विम्यातून पैसे मिळतात का?

बहुतेक पॉलिसींत ओपीडीचा खर्चच नसतो. डोळ्यातल्या इंजेक्शनबाबत २०१९ मध्ये विमा नियामकाने ज्या आधुनिक उपचारांना सरसकट वगळता येणार नाही त्यांची यादी काढली, तिच्यात हे इंजेक्शन आहे. रकमेची मर्यादा पॉलिसीत बघा.

त्रास झाला तर कुठे सांगायचं?

आधी डॉक्टरांना. त्यानंतर औषध सुरक्षेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णाला स्वतः कळवता येतं. रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही आहे. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत औषधशास्त्र विभागात याचं केंद्र असतं. लेबलबाहेरच्या वापरात ही नोंद जास्त मोलाची ठरते, कारण त्या आजारात त्या औषधाचे त्रास कंपनीच्या मूळ चाचण्यांत तपासलेलेच नसतात.

गोळी किती दिवस चालू ठेवायची? दर वेळी केसपेपरवर ‘रिपीट ऑल’ लिहून देतात.

पाकिटावर या आजारासाठीची मुदत छापलेली नसते, म्हणून ती डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी विचारून घ्या. अर्धशिशीच्या गोळीचा सहा महिने ते वर्षभराने फेरविचार करतात. झटके आटोक्यात असतील तर ती हळूहळू कमी करून बंद करता येते, एकदम सोडायची नाही. मी असे केसपेपर पाहतो ज्यांवर दर महिन्याला वेगळ्या डॉक्टरची सही आहे, प्रत्येकीखाली ‘रिपीट ऑल’ आहे आणि गोळी मुळात कोणी, कशासाठी सुरू केली हे कुठेच नाही. तुमचा पेपर तसा असेल तर पुढच्या भेटीला सगळे जुने केसपेपर आणि घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा. आणि लिहायच्या आधी डॉक्टरांना म्हणा, ‘यातली कोणती अजून लागते, ते बघून सांगा.’